सतरा नंबरचा हट्टी बोल्ट

गेल्या महिन्यातील एका रविवारी सकाळी नऊ वाजता मी माझ्या स्प्लेंडरचे इंजिन ऑइल घरीच बदलायला बसलो आणि दुपारी दोन वाजेपर्यंत ऑइलचा एक थेंबही बाहेर काढू शकलो नाही. सगळे काम एका बोल्टपाशी अडले होते. इंजिनाच्या पोटाला खालून बसवलेल्या या ड्रेन बोल्टला गॅरेजमधली मुले सरसकट ‘ऑइल नट’ म्हणतात. त्याला सतरा नंबरचा पाना लागतो, आणि एरवी तो सोडवणे हा या कामातला सर्वांत किरकोळ भाग असतो. ऑइलचा डबा आणताना, माळ्यावरचे जुने घमेले खाली काढताना, फरशीवर वर्तमानपत्रे अंथरताना मी त्याचा विचारही केला नव्हता.

गाडी २००८ सालची, हिरो आणि होंडा अजून एकत्र होते त्या काळातली, ९७.२ सीसीची. वडिलांनी ती बरीच वर्षे कोल्हापूर ते कागल अशी रोज चालवली आणि निवृत्त झाल्यावर माझ्याकडे दिली. या इंजिनाला बदलायचा कागदी फिल्टर नसतो, त्यामुळे ऑइल बदलायचे म्हणजे खालचा बोल्ट काढायचा, जुने ऑइल निथळू द्यायचे, बोल्ट परत बसवायचा आणि वरून एक लीटरहून थोडे कमी नवे ऑइल ओतायचे, एवढेच काम. गेले वर्षभर सकाळी गाडी काढली की फरशीवर रुपयाएवढा काळा डाग दिसत असे, आणि ज्या गॅरेजात ही गाडी जात होती तिथे प्रत्येक वेळी ‘टाइट करून दिलंय’ एवढेच उत्तर मिळत असे. म्हणून या वेळी स्वतःच बघू, असे ठरवले होते.

सुरुवात मी चुकीच्या पान्याने केली. घरातला सतराचा फिक्स पाना, म्हणजे दोन्ही टोकांना तोंड उघडे असलेला पाना, बोल्टच्या सहा बाजूंपैकी फक्त दोन बाजू धरतो, आणि जोर वाढला की त्याचा जबडा किंचित फाकतो. तो फाकला, निसटला, आणि माझी बोटे फुटरेस्टच्या दांडीवर जाऊन आपटली. बोल्टच्या डोक्याचा एक कोपरा चमकू लागला होता. हे चमकणे चांगले लक्षण नव्हे. तिथला धातू सरकला आहे आणि कोपरा गोल व्हायला लागला आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो. मग मी रिंग पाना घेतला, गाडीच्या शेजारी पाट टाकून बसलो, हात इंजिनाखाली घातला आणि अंदाजाने पाना बसवून ओढत राहिलो. दोन वेळा बोल्ट केसभर हलल्याचे हाताला जाणवले, आणि दोन्ही वेळा मला फार आनंद झाला.

त्या आनंदाचा निकाल खालच्या मजल्यावरच्या काकांनी लावला. काका उद्यमनगरात बत्तीस वर्षे फिटर होते आणि आता निवृत्त आहेत. मात्र कुठेही पान्याचा आवाज आला की त्यांचे पाय आपोआप तिकडे वळतात. थोडा वेळ ते काही न बोलता उभे राहिले, आणि मग त्यांनी विचारले, “कुठल्या बाजूला फिरवतोयस?”

“उलट्या बाजूला, काका. सोडायच्या.”

“कुणाच्या उलट्या? तुझ्या, का बोल्टच्या?”

हा प्रश्न समजायला मला जरा वेळ लागला. घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने बोल्ट सुटतो हे आपल्याला पाठ असते, पण ती दिशा बोल्टच्या डोक्याकडे समोरून पाहणाऱ्याची असते. ड्रेन बोल्टचे डोके जमिनीकडे असते. मी त्याच्याकडे पाहतच नव्हतो. वर बसून, वरच्या नजरेने, त्याला काट्यांच्या उलट दिशेने ओढत होतो, आणि खालून पाहिले तर तीच दिशा आवळण्याची होती. भरलेल्या बाटलीचे झाकण डोळ्यांसमोर आणा. आता ती बाटली उलटी धरून, तळाकडून बघत झाकण उघडायचा प्रयत्न करा, म्हणजे माझे काय झाले ते कळेल. आधीच हट्टाला पेटलेला बोल्ट मी पाऊण तास, मन लावून, आणखी घट्ट केला होता. ते केसभर हलणे सुटण्याचे नव्हतेच.

तोपर्यंत मी मनातल्या मनात त्या गॅरेजला पुष्कळ शिव्या घातल्या होत्या. त्यातल्या निम्म्या मला तिथेच परत घ्याव्या लागल्या. उरलेल्या निम्म्या अजूनही त्यांच्याच नावावर आहेत. त्याचे कारण पुढे येते.

काकांनी पान्याला हात लावण्याआधी फडके मागितले, बोल्टचे डोके आणि त्याच्या भोवतीचा भाग कोरडा करून घेतला आणि मोबाइलच्या उजेडात बराच वेळ न्याहाळला. मी तोवर गंज सोडवायचा फवारा घेऊन तयार होतो. त्यांनी तो बाजूला ठेवायला सांगितला, आणि त्यांचे कारण ऐकल्यावर मला माझीच लाज वाटली: ज्या बोल्टच्या आट्यांना वर्षानुवर्षे आतून ऑइल लागते आहे, ज्याच्या डोक्यावरून रोज थेंब गळतो आहे, त्याला बाहेरून आणखी तेल पाजून काय मिळणार? बोल्ट गंजाने अडकतो तेव्हा फवाऱ्याचा उपयोग होतो. सायलेन्सरचे नट, चेन ताणायचे बोल्ट, चाकाच्या आसाचा नट, ज्यांच्यावर पावसाळाभर चिखल उडतो, त्यांच्यावर फवारा मारून रात्रभर ठेवावे, सकाळी हलके ठोके द्यावेत, की बरेचसे सुटतात. (या कामासाठी सर्रास वापरला जाणारा डब्ल्यूडी-४० हा फवारा १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगो येथे पाणी दूर ठेवण्यासाठी, धातूला गंज लागू नये म्हणून तयार झाला. त्याच्या नावातला चाळीस हा आकडा चाळिसाव्या प्रयत्नाचा आहे.) काही बोल्ट आट्यांना लावलेल्या डिंकासारख्या द्रवाने अडकतात. त्यातला लाल, पक्का प्रकार सुमारे २५० अंशांपर्यंत तापवल्याशिवाय दाद देत नाही. आमचा बोल्ट या दोन्हींत बसत नव्हता. तो निव्वळ जास्त आवळलेला होता, आणि जास्त आवळलेल्या बोल्टला औषध नसते. त्याला नीट धरावे लागते.

इथे थोडा हिशेब सांगायला हवा, कारण तो कळल्याशिवाय हा बोल्ट एवढा का आवळला जातो हे कळत नाही. आपण पान्यावर जो पीळ देतो त्यातला साधारण निम्मा भाग बोल्टचे डोके आणि त्याखालचा वायसर यांच्या घर्षणात जातो, सुमारे चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात जातो आणि जेमतेम दहा टक्के प्रत्यक्ष बोल्ट ताणून दोन भाग आवळून धरण्याच्या कामी येतो. म्हणजे घर्षण थोडेसे कमी झाले तरी तेवढ्याच हातात बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. ड्रेन बोल्टचे आटे नेहमीच तेलकट असतात, त्यामुळे इतर कोरड्या बोल्टांची सवय असलेला हात इथे फसतो. शिवाय हा पोलादी बोल्ट ज्यात बसतो ते इंजिनाचे आवरण ॲल्युमिनियमचे असते. एवढ्या, म्हणजे १२ मिलिमीटर जाडीच्या चांगल्या पोलादी बोल्टला पोलादातच बसवायचे असेल तर ८० न्यूटन-मीटरच्या आसपासचा पीळ सहज चालतो. पण ॲल्युमिनियमचे आटे मऊ असल्यामुळे अशा छोट्या इंजिनांच्या ड्रेन बोल्टला २५ ते ३० न्यूटन-मीटरच सांगितलेले असतात. बोल्टच्या जाडीकडे बघून जोर लावणारा माणूस हमखास चुकतो.

काका घरी जाऊन आपली पेटी घेऊन आले. त्यातून त्यांनी सतराची गोटी, म्हणजे बोल्टच्या डोक्यावर टोपीसारखा बसणारा सॉकेट, काढली, तेव्हा मला ती झिजलेली वाटली, कारण तिचे तोंड सपाट घासलेले होते. ते मुद्दाम घासलेले होते. बाजारात मिळणाऱ्या गोटीच्या तोंडाला आतून थोडा उतार दिलेला असतो, म्हणजे ती बोल्टवर पटकन बसते. पण त्या उताराच्या जागी गोटी बोल्टला धरतच नाही. ड्रेन बोल्टचे डोके मुळातच बुटके असते, आणि त्यातले दोन-तीन मिलिमीटर असे वाया गेले तर पकड उरतेच किती? म्हणून काकांनी कित्येक वर्षांपूर्वी ग्राइंडरवर तो उतार काढून टाकला होता. दुसरी गोष्ट अशी की ती गोटी आतून षट्कोनी होती. माझा रिंग पाना बारा कोनी होता. बारा कोनी पाना कुठल्याही कोनातून चटकन बसतो हे खरे, पण त्याचा दाब नेमका बोल्टच्या कोपऱ्यांवर येतो, आणि आमच्या बोल्टचे कोपरेच तर दुखावले होते. सहा कोनी गोटीचा दाब कोपऱ्यापासून थोडा आत, सपाट बाजूवर येतो. घरी थोडेफार काम करणाऱ्याने एकच चांगले हत्यार घ्यायचे ठरवले तर माझ्या मते सहा कोनी गोट्यांचा संच घ्यावा; चाळीस नगांच्या चकचकीत पेट्या शोभेला बऱ्या.

गाडी आम्ही पाच मिनिटे चालू ठेवली आणि बंद केली. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे आवरण गरम झाले की बोल्टची आट्यांमधली पकड किंचित सैल होते. हा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असतो, पण तेवढाही कामाला येतो, आणि कोमट ऑइल निथळतेही लवकर. मात्र लांबवर फिरवून आणलेल्या गाडीखाली हात घालू नये. बोल्ट सुटला की सगळे ऑइल पहिल्यांदा मनगटावरच येते.

मधल्या स्टँडखाली फळी घालून आम्ही गाडी दोन इंच वर घेतली आणि पुढचे चाक विटांनी अडवले. काकांनी गोटी बोल्टवर बसवली आणि तिच्यात आखूड दांडी घालून खालून वर छोट्या हातोडीने तीन-चार ठोके दिले, दार ठोठावावे इतपतच. त्याने गोटी शेवटपर्यंत बसते आणि डोक्याखाली चिकटलेल्या धातूलाही जरासा हादरा बसतो. त्याहून जास्त ठोकले तर आवरणालाच तडा जायचा. मग त्यांनी लांब हँडल लावले, हँडलवर दोन फुटांचा लोखंडी पाइप चढवला आणि मला खाली झोपायला लावले.

“बोल्टचं तोंड दिसतंय?”

“दिसतंय.”

“आता सांग, सोडायचा कुठल्या बाजूला.”

मी बोटाने हवेत गोल काढून दाखवला. काकांनी तो दुसऱ्यांदा काढायला लावला.

पाइपचे गणित सोपे आहे आणि ते माहीत असल्याशिवाय पाइप लावू नये. दोन फुटांच्या टोकाला २० किलोचा जोर दिला, तर बोल्टवर सुमारे १२० न्यूटन-मीटर पीळ पडतो, म्हणजे सांगितलेल्याच्या चौपट. एवढ्याने सुटला नाही तर थांबून विचार करायचा, पाइप आणखी लांब करायचा नाही, असे काकांनी आधीच बजावले. दुसरी सूचना डाव्या हाताची होती. हँडलच्या टोकाला जोर लावला की गोटी कलते आणि बोल्टवरून चढू बघते, म्हणून डाव्या तळव्याने ती वर दाबून सरळ धरायची आणि उजव्या हाताने हँडल आपल्याकडे ओढायचे. ढकलायचे नाही, कारण ढकलताना निसटले तर सगळे अंग पुढे जाते. माझ्या बोटांवरची फुटरेस्टची खूण तेच सांगत होती.

मी ओढले. काही झाले नाही. पुन्हा ओढले, हळूहळू जोर वाढवत नेला, पाइप धनुष्यासारखा वाकल्याचे जाणवले आणि तेवढ्यात वाळकी फांदी मोडावी तसा ‘कट्’ असा आवाज आला. माझे हातपाय गळाले. तुटला, असेच मला वाटले.

“तुटला असता तर हँडल हलकं झालं असतं,” काका वरून म्हणाले. “जड लागतंय ना? मग ओढ.”

हँडल खरेच जड लागत होते. आणखी दोनदा तसाच आवाज आला, दर वेळी थोडा मवाळ, आणि मग अर्ध्या फेऱ्यानंतर बोल्ट एकदम शहाण्यासारखा हाताने फिरू लागला. शेवटचे आटे फिरवताना तो वर दाबून धरायचा आणि सुटल्याबरोबर पटकन बाजूला घ्यायचा असतो. मला ते जमले नाही. बोल्ट घमेल्यात पडला आणि तो काळ्याभोर ऑइलमधून चाचपून काढावा लागला.

फडक्याने पुसून तो उन्हात धरला तेव्हा गॅरेजच्या वाटणीच्या शिव्या का शिल्लक ठेवाव्या लागल्या, ते दिसले. बोल्टखाली ॲल्युमिनियमचा वायसर होता आणि तो चेपून कागदासारखा पातळ झाला होता. इथवर ठीक होते. पण काकांनी इंजिनाच्या तोंडाभोवती नखाने खरवडले, तर तिथे आणखी एक वायसर चिकटलेला निघाला, इतका चपटा की तो आवरणाचाच भाग वाटत होता. कधीतरी जुना वायसर न काढता त्याच्यावरच नवा घातला गेला होता. हा वायसर एकदाच दबण्यासाठी असतो. दबताना तो दोन पृष्ठभागांमधल्या बारीक फटी भरून काढतो, आणि एकदा कडक झाला की पुन्हा त्या कामाचा राहत नाही. जुन्या, वाकड्यातिकड्या वायसरवर नवा बसवल्यामुळे थेंब गळत राहिला, गळतो म्हणून बोल्ट आवळला गेला, तरी गळतो म्हणून आणखी आवळला गेला. वर्षभर ‘टाइट करून दिलंय’ हे उत्तर अगदी खरे होते. आठ-दहा रुपयांचा वायसर बदलण्याऐवजी हाताचा जोर वाढवण्याची ही सवय मला आळशीपणापेक्षाही वाईट वाटते, कारण तिच्यात मेहनत असते आणि म्हणून ती कामासारखी दिसते.

बोल्टच्या पहिल्या दोन आट्यांत चांदीच्या तारेसारखे बारीक कीस अडकले होते. ते ॲल्युमिनियम होते, म्हणजे आवरणाचे आटे थोडे सोलले गेले होते. किती, हे बघायचा एकच मार्ग होता. काकांनी आटे जुन्या टूथब्रशने आणि डिझेलने साफ केले, फडक्याने कोरडे केले आणि नवा बोल्ट दोन बोटांनी आत फिरवत नेला. तो अडखळला नाही आणि डुगडुगलाही नाही. आटे पूर्ण गेले असते, तर त्यात तारेच्या कड्यासारखा हेलिकॉइल बसवून घ्यावा लागला असता किंवा भोक मोठे करून जाड बोल्ट घालावा लागला असता, आणि उद्यमनगरात ते करून देणारे हात आजही आहेत. टेफ्लॉनची टेप गुंडाळून वेळ मारून नेणारेही आहेत. नळाची टेप इंजिनात जाऊ नये, एवढे माझे म्हणणे.

आता आवळायचे किती, हा प्रश्न होता. पीळ मोजणारा टॉर्क पाना आमच्या दोघांकडेही नव्हता. काकांनी पेटीच्या तळातून सामान तोलायचा हुकाचा स्प्रिंग काटा काढला. माझ्या रिंग पान्यावर, बोल्टच्या मध्यापासून बरोबर ३० सेंटिमीटरवर खडूने खूण केली, पान्याच्या त्या जागी हूक अडकवला आणि पान्याशी काटकोन राखून काटा हळूहळू ओढायला सांगितले. काट्यावर नऊ किलो दिसले की थांबायचे. नऊ किलो आणि ३० सेंटिमीटर म्हणजे साडेसव्वीस न्यूटन-मीटर. नवा वायसर दबताना पान्याखाली मऊ मातीत पाऊल रुतावे तसे काहीतरी जाणवते, आणि मग तो टणक लागतो. तिथेच काटा नवावर आला. मला ते इतके कमी वाटले की मी सवयीने आणखी एक झटका द्यायला निघालो होतो. काकांनी पानाच काढून घेतला.

नवे ऑइल ओतले, गाडी दोन मिनिटे चालू केली, बंद करून थोडा वेळ जाऊ दिला आणि काडीवर पातळी पाहिली. जुने ऑइल रिकाम्या डब्यात भरून कोपऱ्यावरच्या गॅरेजच्या पिंपात दिले. ते नाल्यात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतणाऱ्यांचे मला आश्चर्य वाटते. जुना बोल्ट आणि त्याचे दोन्ही वायसर मी एका काचेच्या बाटलीत घालून ठेवले आहेत. त्या गॅरेजात जाऊन ते दाखवावेत असे दोन दिवस वाटत होते, पण मग कोणत्या तोंडाने जायचे, हाही प्रश्न होता, कारण शेवटचा पाऊण तास तो बोल्ट मीच आवळला होता.

रात्री गाडीखाली एक पांढरा पुठ्ठा सरकवून ठेवला. सोमवारी सकाळी तो काढला तेव्हा त्यावर धूळ होती, एका मुंगीची लगबग होती, आणि डाग नव्हता. मी तो खाली नेऊन काकांना दाखवला. त्यांनी तो उजेडात धरून दोन्ही बाजूंनी नीट पाहिला, मान डोलावली, आणि आपल्या स्कूटरच्या इंजिनाखाली अंथरला. तिथे आधीचा जो पुठ्ठा होता, तो पार काळा झालेला होता.